नावाच्या दोन्ही बाजूंना

दुर्गापुरा, जयपूर
७ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी आधी वहीत कच्चं लिहिलं, मग शब्द तपासून पक्कं केलं. फोन केला असता, पण तुझ्या कानाच्या यंत्रामुळे ओरडावं लागतं आणि आमच्या घरात एका खोलीतलं दुसरीत ऐकू जातं. आईला हे कळायला नको.

माझी नोकरी जाईल असं वाटतंय. सीतापुऱ्यातल्या रजयांच्या कारखान्यात मी तीन महिन्यांपूर्वी लागलो, हे तुला माहीत आहे. मार्चअखेरपर्यंत ट्रायलवर आहे. आमच्या मालकांना, महेशजींना, परदेशी गिऱ्हाइकासाठी एक पुस्तिका काढायची आहे. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाची इंग्रजीत, नावानिशी ओळख. एकूण एकतीस माणसं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं स्पेलिंग चुकत नाही. पहिली ओळख मालकांचीच होती. मी लिहिलं: ‘महेशजी आर अवर डायरेक्टर. देअर वाइफ हिमानी मेक्स द डिझाइन्स.’ इंग्रजी वाक्यं मी इथे मराठी अक्षरांत लिहितो. दोन लिप्या एका ओळीत आल्या की माझं अक्षर बिघडतं.

हॉलंडच्या बाईंचं उत्तर आलं, की तुमच्याकडे एकूण महेशजी किती आहेत, आणि हिमानी ही त्यांच्या बायकांपैकी नेमकी कोणती? महेशजींनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. म्हणाले, “संकेतजी, हमसे तो एक नहीं सँभलती, बाकी कहाँ रखी हैं आपने? पता तो दे दो!” शिलाईवाले, छपाईवाले, सगळे हसले. मीपण हसलो. मग केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात म्हणाले, “दोबारा ऐसा हुआ तो फिर आना मत, भैया.” त्या हळू आवाजाची मला जास्त भीती वाटली.

‘आर’ची चूक समजली. मोठ्या माणसाला ‘इज’ लिहायला हात धजत नाही, म्हणून मी ‘आर’ लिहिलं होतं. पण बायकोचं समजलं नाही. बायको एक, नाव एक, मग कोणती म्हणून का विचारलं? हिशेबातला विशाल म्हणतो, कॉमा राहिला. कुठला कॉमा? बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं, आणि हे तिसऱ्या वर्षाला शिकवतात की काय, कोण जाणे. तू तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. मला पंचवीस तारखेच्या आत सांग.

दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर बाबा होते तसेच आहेत. डावा हात चालतो. बोलणं म्हणजे तेच एक, ‘अब, अब’. व्यायाम करून घ्यायला येणारे भैया म्हणतात, अंकलजी ‘आता, आता’ म्हणतात, त्यांना घाई असते. आई प्रत्येक वेळी जवळ जाऊन सांगते, “आत्ता नाही हो, थोडं थांबा.” मग ते गप्प होतात.

तुझा,
संकेत


विश्रामबाग, सांगली
१४ जानेवारी

चि. संकेत,

आशीर्वाद. हे कुठल्याच वर्षाला शिकवत नाहीत, म्हणून तर सगळं जग चुकतं. नीट वाच.

इंग्रजीत नात्यापुढे नाव आलं, की लिहिणाऱ्यानं आधी स्वतःला विचारायचं: त्या नात्याचं माणूस एकच आहे का? एकच असेल, तर नाव ही नुसती जादा माहिती. ते काढलं तरी कोण ते कळतं. म्हणून नावाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. ‘हिज वाइफ, हिमानी, मेक्स द डिझाइन्स.’ एकाहून जास्त असतील, तर नावाशिवाय कळणारच नाही की कोण. तिथे स्वल्पविराम नाही. तू तो घातला नाहीस, म्हणजे तुझ्या मालकाला दुसरी बायको दिलीस. ती हॉलंडची बाई खवचट दिसते, पण तिचं चुकलं नाही.

सरावाला देते: ‘माय ब्रदर, नीलकंठ, लिव्ह्ज इन जयपूर. हिज वाइफ, प्रभा, इज अ गुड कुक. माय नेफ्यू संकेत वरीज टू मच.’

आणि मला कशाला विचारतोस? घरात तुझे बाबा आहेत. हा नियम त्याला मी तो नववीत असताना शिकवला, आणि पुढे विमा कंपनीत तेहतीस वर्षं त्यानं तो पाळला. त्याचे साहेब त्याच्याकडून पत्रं तपासून घ्यायचे. त्याच्या जुन्या पत्रांच्या कार्बन प्रती तपकिरी फायलीत असतील. त्या बघून लिही. त्याच्या स्वल्पविरामावर डोळे मिटून विश्वास ठेव.

एकतीस माणसं म्हणजे काही वाघ नव्हेत. जेवत जा.

जयंतीआत्या


दुर्गापुरा, जयपूर
२२ जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. पुस्तिका गेली. एकतीस माणसांना मी एकेकाला गाठून विचारलं, मुलं किती, भाऊ किती. छपाईचे मास्टरजी म्हणाले, “राशन कार्ड बना रहे हो क्या?” मी म्हटलं, मतलब, कॉमासाठी. ते म्हणाले, “तो लिख लो, तीन बेटे, एक भी कॉमा नहीं.” महेशजींनी पूर्ण वाचली आणि काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे पास.

आता दुसरं. आत्या, तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. बाबांच्या नावाला दोन्हीकडे कॉमा आहे. आईच्या नावाला आहे. ‘माय नेफ्यू संकेत’ला नाही. तुझं लग्न झालं नाही, भाऊ एकच, म्हणजे भाचा मी एकटा. मला वाटलं, परीक्षा घ्यायला चूक मुद्दाम ठेवलीस. मनात तुला शंभरपैकी शंभर दिले.

मग तू सांगितलंस म्हणून तपकिरी फाईल काढली. माझ्या शाळेच्या प्रवेशासाठी बाबांनी मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र आहे, २००६ चं. त्यात ‘माय वाइफ, प्रभा, विल मीट यू.’ दोन्ही कॉमे जागेवर. त्याच्या वरच्या ओळीत ‘धिस इज टू इंट्रोड्यूस माय सन संकेत.’ कॉमा नाही. बँकेला लिहिलेलं, ‘माय सन संकेत’. डॉक्टरांना लिहिलेलं, ‘माय सन संकेत’. फायलीत मी पाच वेळा आहे. पाचही वेळा कॉमा नाही. ‘माय सिस्टर, जयंती,’ मात्र दोनदा, दोन्ही वेळा बरोबर.

तू म्हणालीस, त्याच्या कॉमावर डोळे मिटून विश्वास ठेव. आत्या, मला भीती वाटते आहे. आमच्या घरात दुसरा मुलगा आहे का?

संकेत


विश्रामबाग, सांगली
२९ जानेवारी

चि. संकेत,

आशीर्वाद. सत्तर वर्षांच्या बाईचा हात घसरतो. नीलकंठच्या पेनातली शाई सुकली असेल, कार्बन जुना असेल. अशा गोष्टींवरून रात्रीची झोप घालवू नये. फाईल जागेवर ठेव. ती त्याला दाखवू नकोस, आणि प्रभाला काही विचारू नकोस.

नोकरी टिकली, आनंद झाला.

जयंतीआत्या


दुर्गापुरा, जयपूर
५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. शाई सुकली नव्हती. मी कागद उलटा करून बोट फिरवून पाहिलं. बाबा पेन दाबून लिहायचे. ‘प्रभा’नंतरचा कॉमा मागच्या बाजूला टोचतो. ‘सन’नंतर कागद गुळगुळीत आहे. पाचही पत्रांत. तिथे पेन टेकलेलंच नाही.

तू सांगितलेलं मी ऐकलं नाही. आई भाजी आणायला गेली होती. मी पाटीला कागद लावला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘माय सन, संकेत,’. दोन्ही कॉमे स्पष्ट काढले. पाटी बाबांच्या पुढे धरली. पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, “बाबा, हे तपासून द्या.”

त्यांनी खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, वाचता येत नसेल. मग पेन्सिल हलली. आधी पहिला कॉमा खोडला. नेमका तेवढाच खोडला, अक्षराला धक्का लागू दिला नाही. मग दुसरा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अब.”

मी पाटी कपाटामागे लपवली आहे. आईकडे बघता येत नाही. जेवताना बाबांना घास भरवतो तेव्हा वाटतं, हा घास खरं तर कोणाचा आहे? मी शिक्षण सोडलं तेव्हा एकटा मुलगा म्हणून सोडलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. एकटाच तर आहे, दुसरं कोण करणार, असं मी लोकांना सांगायचो. ते खोटं होतं का?

तू मला खोटं लिहिलंस, हे समजतंय. खरं लिही.

संकेत


जयपूर
१९ फेब्रुवारी

आत्या,

दोन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. बाबांना गेल्या सोमवारी पुन्हा झटका आला. सहा दिवस रुग्णालयात होते, काल घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, यानंतरचा झेपणार नाही. डावा हात अजून हलतो. ‘अब’ म्हणतात. आता जास्त वेळा म्हणतात.

मी रागावलो नाही. मी फक्त घाबरलो आहे. लिही.

संकेत


विश्रामबाग, सांगली
२५ फेब्रुवारी

बाळ संकेत,

तुझी दोन पत्रं समोर ठेवून बसले आहे. पहिल्याला उत्तर दिलं नाही, कारण मीही घाबरले. मुलांना आयुष्यभर सांगितलं की उत्तर येत नसेल तर कोरी जागा सोडू नका, आणि स्वतः तेच केलं.

‘अब’ म्हणजे ‘आता’ नव्हे. त्याला पुढचं म्हणता येत नाही. तो अभिषेक म्हणतो आहे.

प्रभाच्या आधी नीलकंठचं एक लग्न झालं होतं, इथे सांगलीत. त्या दोघांचं जमलं नाही. कोणाचा दोष होता ते विचारू नकोस, मला दोघेही आवडायचे. अभिषेक दोन वर्षांचा असताना ती माहेरी गेली आणि मग वेगळं होणंच ठरलं. पुढे तिनं दुसरं लग्न केलं, ते गृहस्थ न्यूझीलंडला निघाले होते. मुलाला दत्तक घेऊन आपलं नाव देणार होते. मधलं नावही आणि आडनावही. अभिषेक नीलकंठ असा कोणी कागदावर उरणार नव्हता. त्यांची एकच अट होती, की नीलकंठनं पुन्हा कधी, कुणाजवळ, बाप म्हणून ओळख सांगायची नाही. मुलाच्या भल्याचं आहे, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. नीलकंठनं सही केली. त्यानंतर महिन्याभरात त्यानं जयपूरची बदली मागून घेतली.

त्यानं शब्द पाळला. पण तू जन्मल्यावर मी तुझ्या बारशाचं इंग्रजी निमंत्रण लिहिलं, त्याच्या साहेबांसाठी. ‘अवर सन, संकेत,’ असं. त्यानं ते तपासलं आणि दोन्ही स्वल्पविराम खोडले. मला म्हणाला, “ताई, ओळख सांगणार नाही असं मी लिहून दिलंय. मुलगा एकच आहे असं लिहून दिलेलं नाही.” तेव्हापासून मीही तुझ्या नावाला तो घालत नाही. परवा सरावाच्या वाक्यात हात घसरला नव्हता. सवयीनं बरोबर लिहिलं गेलं.

प्रभाला लग्नाआधीपासून सगळं माहीत आहे. तुला न सांगण्याचा हट्ट माझा. तू शाळेत रंगीत खडू हरवला म्हणून ताप आणणारा मुलगा. कसं सांगायचं?

अभिषेक छत्तीस वर्षांचा आहे. अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं मला शोधून पत्र पाठवलं. वर्षातून एकदा लिहितो, इंग्रजीत, मराठी त्याला वाचता येत नाही. दर वेळी शेवटी एकच विचारतो, “इज ही वेल?” दोन वर्षं मी ‘येस’ लिहिते आहे. ते खोटं मला आता पेलवत नाही.

सोबत त्याचा ईमेलचा पत्ता आहे. लिहायचं की नाही, ते तू ठरव. मी लिहिलं तर ते म्हातारीचं पत्र होईल. ही ओळख तुझी आहे.

तुझी,
जयंतीआत्या


दुर्गापुरा, जयपूर
३ मार्च

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. पत्र आईला दाखवलं. ती पीठ मळत होती. हात न धुताच वाचलं, कागदाला पीठ लागलं आहे, माफ कर. म्हणाली, “मला वाटायचं, एक दिवस तूच विचारशील. तू सगळ्यांची स्पेलिंगं विचारतोस, घरातलं तेवढं विचारलं नाहीस.” मी म्हटलं, “तू त्यांना आत्ता नाही, आत्ता नाही म्हणायचीस.” ती म्हणाली, “मग काय म्हणू? कधीच नाही म्हणू?” आणि पुन्हा पीठ मळायला लागली. ते आधीच मळून झालं होतं.

मी चार दिवस ईमेल लिहितो आहे. खरं सांगतो, पहिले दोन दिवस लिहिलाच नाही. मनात आलं, तो आला आणि बाबांनी त्याचा हात धरला तर? त्यांचा एकच हात चालतो. दोन वर्षं तो मी धरतो आहे. असं मनात आलं, आणि ते तुलाच लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

मग कालपासून लिहायला बसलो, तर पहिल्याच ओळीत अडलो. ‘आय ॲम युवर ब्रदर संकेत.’ इथे कॉमा लागतो का? त्याच्या आईला तिकडे आणखी मुलं आहेत का? असतील, तर मी अनेकांपैकी एक, कॉमा नको. नसतील, तर हवा. मी चुकून घातला आणि त्याला तिकडे तीन भाऊ असले, तर तो म्हणेल, हा कोण मोठा एकटा आला. नाही घातला आणि त्याला कोणीच नसलं, तर त्याला वाटेल, मी त्याला लांब ठेवतो आहे. बाबांचा आवाज रात्रीतून बसला आहे. वेळ कमी आहे. लगेच कळव.

संकेत


विश्रामबाग, सांगली
९ मार्च

चि. संकेत,

स्पीडपोस्टनं पाठवते आहे. त्याला भाऊ आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यानं लिहिलं नाही, मी विचारलं नाही. जे माहीत नाही त्याचा दावा करू नये, म्हणून स्वल्पविराम घालू नकोस. त्याला कळलं तर तो सुधारेल.

आणि नीलकंठला ‘आर’ लिहू नकोस. एकच आहे तो.

आज पाठव. आजच.

जयंतीआत्या


दुर्गापुरा, जयपूर
२८ मार्च

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. बाबा आहेत. हे आधी लिहितो, कारण तू पत्राची पहिली ओळ वाचेपर्यंत श्वास रोखून धरशील.

ईमेल तेरा तारखेला, तुझं पत्र हातात पडल्यावर अर्ध्या तासात पाठवला. एकूण चार वाक्यं. कॉमा घातला नाही. नऊ दिवस उत्तर नव्हतं. त्या नऊ दिवसांत मी स्पेलिंगची चूक शोधत राहिलो. एकही नव्हती, आणि त्यानं जास्त भीती वाटली. चूक असती तर कारण तरी सापडलं असतं.

बावीस तारखेला उत्तर आलं. माझ्याबद्दल, बाबांबद्दल काहीच नाही. फक्त एवढं, की व्हिसाच्या अर्जासोबत एक पत्र जोडायचं आहे, त्याचा मसुदा पाठवतो आहे, आणि आत्यानं मागे लिहिलं होतं की संकेतचं स्पेलिंग पक्कं आहे, तर नावं तपासशील का?

मसुदा मी ऑफिसात छापून घेतला. केबिनच्या बाहेर उभं राहून वाचला. पहिल्या ओळीत ‘माय वाइफ, अनुया,’ होतं, की ती सोबत येऊ शकत नाही. दोन्ही कॉमे जागेवर. म्हणजे नियम त्याला माहीत आहे. पुढे जे असेल तेही त्यानं समजूनच लिहिलेलं असणार होतं.

पुढे होतं: ‘आय विश टू व्हिजिट माय फादर नीलकंठ अँड माय ब्रदर, संकेत, इन जयपूर.’

मी तिथेच खाली बसलो. विशाल धावत आला, त्याला वाटलं चक्कर आली. म्हणाला, “क्या हुआ, फिर कॉमा छूट गया?” मी म्हटलं, नहीं भैया, लग गया.

घरी येऊन बाबांना तो कागद दाखवला. आई बाजूला उभी होती. तिनं चष्मा लावून दिला. बाबांनी डावं बोट ओळीवर ठेवलं आणि हळूहळू सरकवलं. ‘फादर’वर थांबले. पुढे कोरी जागा आहे, कॉमा नाही. ज्यांनी वाढवलं ते एक, आणि हे एक. मला वाटलं, त्यांना लागेल. त्यांनी बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं आणि मान हलवली, पेपर बरोबर असला की हलवायचे तशी. मग बोट पुढे नेलं. माझ्या नावाआधीच्या कॉमावर एकदा टेकवलं. नावानंतरच्या कॉमावर एकदा. आणि मग कागद सोडून माझा हात धरला.

“अब,” म्हणाले. आई म्हणाली, “हो. आता.”

तो अकरा एप्रिलला येतो आहे. डॉक्टरांना तारीख सांगितली, ते काही बोलले नाहीत. ते न बोलणं महेशजींसारखं नव्हतं. मी रोज सकाळी उठून आधी बाबांचा श्वास ऐकतो, मग दिवस मोजतो. आज चौदा राहिले.

मसुदा परत पाठवला. त्यानं माझ्या नावाच्या शेवटी एक एच जास्त लावला होता, तो काढला. बाकी कशाला हात लावला नाही.

तुझा भाचा
संकेत